ती पण किती मागे मागे करायची!

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. आता कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत राहतो. मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. धाकटा नऊचा. मुलीच्या मैत्रिणींमध्ये 'अंडर द ब्रिज' या मालिकेची चर्चा चालली होती, म्हणून तिने हट्ट धरला. एकटीने फोनवर बघण्यापेक्षा माझ्यासोबत बघू दे, असा विचार करून मीही बसले. खून झालेल्या रीना विर्क या मुलीची ती खरी गोष्ट, आणि तीही इथलीच. व्हिक्टोरियाला आम्ही फेरीने फिरायला गेलो आहोत, त्याच भागातली. पुलाखाली मुली तिला घेरतात तो प्रसंग आला तेव्हा लेकीने पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं आणि "अजून किती वेळ आहे हे?" असं दोनदा विचारलं. भाग संपला, ती दात घासून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "पण आई, ती पण किती मागे मागे करायची त्यांच्या! कळायला नको का? मी असते तर गेलेच नसते." आणि झोपायला गेली.

मी मात्र झोपले नाही. त्या रात्रीही नाही, पुढच्या रात्रीही नाही. जी मुलगी मेली तिलाच बोल लावते, माझी मुलगी निर्दय आहे का? नवरा म्हणतो, टीव्हीवरचं बघून कशाला डोकं पिकवतेस. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणून सांगते, मुलींना धाकात ठेवा, तिकडच्या पोरींच्या नादी लागू देऊ नका." मला वाटतं तिचा फोन रोज तपासावा, मैत्रिणी कोण आहेत ते बघावं. इकडे तिचं वेगळंच. अप्परलिप करायचंय म्हणून दोन दिवस मागे लागली आहे. मालिकेचे उरलेले भाग तिला बघू द्यावेत का? आणि धाकट्यालाही बघायचंय, त्याचं काय करू?

एक आई, बर्नबी

---

तुमची मुलगी निर्दय आहे असं मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही. निर्दय माणूस पांघरूण नाकापर्यंत ओढून घेत नाही. "अजून किती वेळ" असं तिने विचारलं, कारण तिला ते सहन होत नव्हतं. दारातलं ते वाक्य त्यानंतर आलं. हा क्रम महत्त्वाचा आहे.

समोर कुणाचे हाल चाललेत आणि आपण काहीच करू शकत नाही, तेव्हा माणूस काय करतो यावर १९६६ साली अमेरिकेत मेल्व्हिन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दाखवली. उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसतो, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो अभिनय होता, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना तिचे हाल थांबवण्याची संधी मिळाली, त्यांचं तिच्याविषयीचं मत वाईट झालं नाही. ज्यांना नुसतं बघत बसावं लागलं, त्यांच्या मनातून ती उतरली. ती आवडण्यासारखी नाहीच, तिच्यातच काही खोट असेल, असं त्यांना वाटू लागलं. चांगल्या माणसाचं कारण नसताना वाईट होतं हे मान्य केलं, तर उद्या आपलंही होऊ शकतं. ती भीती सोसण्यापेक्षा तिच्यात दोष शोधणं मनाला सोपं जातं.

तुमच्या घरातही पडदाच होता, आणि बघणारीच्या हातात काहीही नव्हतं. "मी असते तर गेलेच नसते" याचा अर्थ मी असा घेते की तिला स्वतःला सुरक्षित असल्याची खात्री हवी आहे. रीना काहीतरी चुकली, मी ती चूक करणार नाही, म्हणून मला काही होणार नाही.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेली गोष्ट घ्या. मालिका बघितली त्याच आठवड्यात तिला अप्परलिप करून हवंय. रीनाला तिच्या अंगकाठीवरून, सावळ्या रंगावरून, चेहऱ्यावरच्या लवीवरून शाळेतली मुलं चिडवायची. तुमची लेकही तिथल्या वर्गात सावळी, भारतीय, काळ्याभोर केसांची मुलगी आहे. तुम्ही मालिका आई म्हणून बघितलीत, म्हणून तुमचा जीव रीनाच्या आईत अडकला. तिने ती कुणाच्या जागेवरून बघितली असेल याचा अंदाज करा. मला वाटतं, तिला रीनात स्वतःची ओळख पटली आणि ती घाबरून दोन पावलं मागे सरकली. हा माझा अंदाज आहे, तिच्यावर लादू नका. पण पार्लरला नेण्यावरून वाद घालू नका, घेऊन जा. जाता-येता गाडीत विचारा, "शाळेत कुणी काही बोललं का गं?" समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नाला या वयाची मुलं "काही नाही" एवढंच उत्तर देतात. गाडीत दोघींची नजर रस्त्यावर असते, तिथे बोलणं होतं.

आणि कृपा करून "मेलेल्या मुलीबद्दल असं बोलतात का?" असं म्हणू नका. ती गप्प बसेल, आणि पुढच्या वेळी मनात आलेलं तुमच्यासमोर बोलणार नाही. त्याऐवजी असं काहीतरी म्हणून बघा: "मला पण वाटलं गं, तिने जायलाच नको होतं. पण मग विचार केला, ती का गेली असेल? तिला काय हवं होतं?" एवढं बोलून थांबा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.

ती का गेली याचं उत्तर जे ठाऊक आहे त्यात बरंचसं मिळतं. रीना चौदा वर्षांची होती. वडील पंजाबातून आलेले, आईचं कुटुंब यहोवाज विटनेसेस या पंथाचं. म्हणजे गोऱ्यांच्या गावात ती भारतीय, आणि तिथल्या भारतीयांतही वेगळी. वाढदिवस, ख्रिसमस काहीच साजरं न करणाऱ्या घरातली. मधल्या काळात ती घर सोडून फॉस्टर होममध्ये, म्हणजे सरकारी यंत्रणेने सोय केलेल्या दुसऱ्या घरीही राहून आली होती. तिला मैत्रिणी हव्या होत्या. १४ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार. त्या संध्याकाळी तिला बोलावणं आलं आणि ती गेली. चौदा वर्षांच्या मुलीला कुणीतरी बोलावलं आणि ती गेली, यात कुठली चूक शोधायची? क्रेगफ्लॉवर पुलाखाली सात मुली आणि एका मुलाने तिला मारलं. एकीने तिच्या कपाळावर सिगारेट विझवली. शेवटी त्यांच्यातल्याच एका मुलीने "बास करा" म्हटलं, म्हणून ते थांबले. रीना उठली. पूल ओलांडून घरी जायला निघाली. एक मुलगी आणि तो मुलगा तिच्या मागे गेले, पुन्हा मारलं आणि तिला पाण्यात बुडवलं.

मारणाऱ्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ती सगळीकडे मिळतात, आणि ती मिळतात हाच या मालिकेबद्दलचा माझा एक आक्षेप आहे. २०२४ साली आलेली ही आठ भागांची मालिका रिबेका गॉडफ्री यांच्या २००५ सालच्या पुस्तकावर बेतलेली आहे. त्या लेखिकेलाच मालिकेत मोठं पात्र केलंय आणि तिच्या जोडीला काल्पनिक पोलीस अधिकारी आणली आहे. रीनाच्या आईवडिलांना एका भागात चांगली जागा मिळते, हे मी मोकळेपणाने कबूल करते. आर्ची पंजाबीने साकारलेली आई डोळ्यांसमोरून हलत नाही. पण कॅमेऱ्याचा ओढा मारणाऱ्या मुलींकडे आहे. त्यांचे कपडे, त्यांची गाणी, त्यांची घट्ट मैत्री, त्यांचा बेदरकारपणा. चौदाव्या वर्षी कुणालाही त्या टोळीत आपल्याला घ्यावं असंच वाटेल. मग रीना "मागे मागे करणारी" वाटली तर त्यात तुमच्या मुलीचा दोष कमी आणि कथा सांगणाऱ्यांचा जास्त आहे. खुनानंतर कॅनडातल्या वर्तमानपत्रांनीही 'मुली हिंसक होत चालल्या' यावर रकाने भरले आणि रीनाच्या रंगाचा, तिला वर्षानुवर्षं मिळालेल्या वागणुकीचा विषय बाजूला पडला. हे मुलीशी बोला. "गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली असं वाटतं तुला?" हा प्रश्न तिला आवडेल. त्यात तिची परीक्षा नाही, आणि मालिका बनवणाऱ्यांच्या चुका काढायला या वयाची मुलं एका पायावर तयार असतात.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायचंय तिच्याकडे येते. शुक्रवारी रात्री रीना गेली. तिचा मृतदेह सापडला २२ तारखेला, म्हणजे आठ दिवसांनी. या आठ दिवसांत शाळांमध्ये कुजबुज पसरली होती. कुणी प्रत्यक्ष बघितलं होतं, कुणाला सांगितलं गेलं होतं, कुणी फुशारकी ऐकली होती. बऱ्याच मुलांना काही ना काही माहीत होतं. ती मुलं रोज घरी जात होती, जेवत होती, आईवडिलांशी बोलत होती, आणि एवढ्या घरांमध्ये कितीतरी दिवस कुणी ब्रदेखील काढला नाही. शेवटी पोलिसांपर्यंत गोष्ट पोचली तीही मुलांकडूनच.

तुम्ही दोन रात्री 'माझी मुलगी मारणाऱ्यांसारखी आहे का' या प्रश्नाने जागलात. तिच्या बाबतीत खरा लागणारा प्रश्न वेगळा आहे. मारणारी होण्याची वेळ बहुतेक मुलांवर कधीच येत नाही. बघणारी, ऐकणारी, फोनवर कुणीतरी पाठवलेली क्लिप उघडणारी होण्याची वेळ जवळजवळ प्रत्येकावर येते. त्या दिवशी ती तुमच्याकडे येईल का?

टोरंटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून दादागिरीचे प्रसंग टिपले होते. २००१ साली छापलेल्या त्या अभ्यासात दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला हजर होती. कुणी मध्ये पडलं असे प्रसंग पाचातला एकही धड नाही, १९ टक्के. पण जिथे मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के वेळा, दादागिरी दहा सेकंदांत थांबली. हे आकडे प्राथमिक शाळेतल्या मैदानावरचे आहेत, रात्रीच्या पुलाखालचे नाहीत, आणि कुठल्याही मुलीने एकटीने आठ जणांच्या घोळक्यात शिरावं असं मी सुचवत नाही. पण पुलाखालीसुद्धा एकीच्या "बास करा"ने पहिली मारहाण थांबली होती. दुसरी झाली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. लेकीला हे सांगा. मालिकेतून तिने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर त्या मुलीचं "बास करा" ठेवावं, आणि ते म्हटल्यानंतर कुणीतरी रीनाला घरापर्यंत सोडायला हवं होतं, हेही.

म्हणून फोन तपासण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लपूनछपून तपासू नका. मी शाळेत समुपदेशन करत होते तेव्हा मुली माझ्याजवळ जे सांगायच्या ते घरी का सांगत नाहीत असं विचारलं, की एकच उत्तर पुन्हा पुन्हा यायचं: "सांगितलं तर आई फोन काढून घेईल." एका मुलीच्या वर्गातल्या ग्रुपवर दुसऱ्या मुलीला रोज रात्री छळलं जात होतं. ही छळणारी नव्हती, नुसती त्या ग्रुपवर होती. दीड महिना तिने ते वाचलं, पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवली, आणि घरी सांगितलं नाही. कारण आईला ग्रुप दाखवायचा म्हणजे त्यात तिचे स्वतःचे चार हसण्याचे इमोजीही दिसले असते. ते चार इमोजी दाखवताना तिचे हात थरथरत होते. मुलांचं गप्प बसणं बऱ्याचदा असंच असतं. त्यांचा स्वतःचा थोडासा हात त्यात असतो आणि त्याची त्यांना लाज वाटत असते.

तेव्हा तुमच्या लेकीशी एक करार करा, तोही कुठलंही संकट आलेलं नसताना. करार असा: तू मला काहीही सांगितलंस, त्यात तुझी चूक असली तरी, त्या दिवशी मी ओरडणार नाही आणि फोन काढून घेणार नाही. तुला विचारल्याशिवाय मी शाळेत किंवा कुणाच्या आईला फोन करणार नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र करीन, पण तुला आधी सांगून करीन. हे शेवटचं वाक्य गाळू नका. कुणाला सांगणार नाही असं सरसकट वचन दिलंत तर ते मोडावं लागेल, आणि मग ती कायमची दुरावेल. आणि करार केलात तर पाळा. पहिल्यांदा ती काहीतरी क्षुल्लक सांगून बघेल. कुणीतरी परीक्षेत कॉपी केली, कुणीतरी वेपिंग करतं, असं काही. ती तुमची चाचणी असते. तिथे "बघ, मी म्हणत नव्हते ती मुलगी तशीच आहे" असं तोंडून निघालं की दार बंद.

तिला तुमच्याशी बोलणं जमलं नाही तर आणखी कुणाशी बोलता येईल, तेही सांगून ठेवा. कॅनडात किड्स हेल्प फोनचा क्रमांक १-८००-६६८-६८६८ आहे, किंवा ६८६८६८ वर मेसेज करता येतो. दिवसरात्र, नाव न सांगता. तुमच्या प्रांतात शाळेतल्या छळाची माहिती नाव न देता कळवायची 'इरेज' नावाची ऑनलाइन सोयही आहे. भारतात हे वाचणाऱ्यांसाठी चाइल्डलाइन, १०९८.

सासूबाईंबद्दल. त्या काळजीपोटी बोलल्या, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. पण धाकाचा मुद्दा मला पटत नाही. रीनाच्या घरी नियम कमी नव्हते. ते नियम तिला जाचत होते, आणि बाहेरच्या मुलींच्या बेधडकपणाचं तिला आकर्षण वाटलं. हे लिहिताना मला एक धास्तीही वाटते. लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे आईवडिलांचीच चूक. अजिबात नाही. त्या घराच्या शिस्तीवर खुनाचं खापर फोडणं हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल. कडक घरं जगभर आहेत. त्यांतल्या मुली बंड करतात, भांडतात, घर सोडतात, परत येतात. रीनालाही परत येता आलं असतं, तिला तेवढा वेळ मिळाला असता तर. 'तिकडच्या पोरी' हेही मनातून काढून टाका. वर्गातल्या कॅनेडियन मुलींपासून लेकीला तोडलंत तर ती रीनाइतकीच एकटी पडेल, आणि एकटी पडलेली मुलगी कुणाच्याही बोलावण्यावर जाते. मैत्रिणी कोण आहेत ते बघायचंय ना? त्यांना घरी बोलवा. पोहे करा, पिझ्झा मागवा, स्वयंपाकघरात रेंगाळा. फोन तपासून कळणार नाही ते अर्ध्या तासात कळेल.

तुमच्या झोपेबद्दल दोन वाक्यं. खऱ्या घटनेवरची मालिका रात्री साडेदहाला बघून लगेच अंथरुणावर पडू नका, आणि त्या प्रकरणाविषयी पुढे इंटरनेटवर शोधत बसू नका. तिथे संपणारं काही नसतं. तीन-चार आठवड्यांनंतरही तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिले, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरशी बोला. तुमच्याही शाळेच्या दिवसातलं काही त्यात वर आलेलं असू शकतं. नवऱ्याला सांगा की हे टीव्हीचं प्रकरण नाही, तुम्ही मुलीच्या शाळेबद्दल काळजीत आहात. असं सांगितलं की तेही ऐकतील.

उरलेले भाग? तिला हवे असतील तर बघू द्या, तुमच्यासोबत, दिवसा, एका वेळी एक. तिला नको असतील तर आग्रह नको. बघून झाल्यावर मालिकेपलीकडचंही सांगा. रीनाच्या मागे गेलेल्या त्या मुलीचा खटला तीनदा चालला आणि शेवटचा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून २००९ मध्ये लागला. म्हणजे रीनाचे आईवडील मनजित आणि सुमन विर्क हे दोघं बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. त्याच काळात ते शाळांमध्ये जाऊन मुलांशी दादागिरीबद्दल बोलत होते. खुनात सामील असलेल्या त्या मुलाला ते समोरासमोर भेटले. त्याने गुन्हा मान्य केला, आणि त्यांनी त्याला माफ केलं. वडिलांनी २००८ साली रीनावर स्वतःचं पुस्तक लिहिलं. सुमन २०१८ मध्ये गेल्या. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना ही माफी पटत नाही, काहींना तर तिचा राग येतो. तुमच्या लेकीलाही येईल कदाचित. येऊ द्या. "तू काय केलं असतंस?" विचारा, आणि ती म्हणाली "कधीच माफ केलं नसतं", तर तेही पूर्ण ऐकून घ्या. रीनाला बोल लावणारी मुलगी रीनासाठी चिडली, तर मला ते पत्राने जरूर कळवा.

धाकट्याला मात्र दाखवू नका. नऊ वर्षांच्या मुलासाठी ही मालिका नाही. ताईने बघितली म्हणून तो रडेल, तर रडू द्या, आणि तुम्ही दोघी बघत असताना त्याच्या बाबांना त्याला घेऊन बाहेर जायला सांगा.